‘एसबीआय’ टाइप केलं की स्टेट बँक खाली का जाते?

शेअरचा सिम्बॉल (बाजारातलं त्याचं छोटं नाव) शोधायच्या चौकटीत ‘एसबीआय’ टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा स्टेट बँकच हवी असते. पण एनएसई या शेअर बाजारात बँकेचा सिम्बॉल आहे ‘एसबीआयएन’, आणि ‘स्टेट बँक ऑफ इंडिया’ या नावात ही तीन अक्षरं सलग कुठेच येत नाहीत. एसबीआय लाइफ आणि एसबीआय कार्ड्स यांचे सिम्बॉलही त्या अक्षरांनी सुरू होतात आणि नावंही. सिम्बॉल जुळल्याचे गुण अधिक नाव जुळल्याचे गुण अशी बेरीज केली, की या दोन उपकंपन्या वर चढतात आणि बँक तिसरी येते.

म्हणून इथे बेरीज करायचीच नाही. प्रत्येक कंपनी ज्या सर्वांत वरच्या पायरीवर जुळते, तेवढीच पायरी धरायची. पूर्ण सिम्बॉल जुळला तर १०००. बीएसईचा सहा अंकी कोड किंवा बारा अक्षरी आयसिन (शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) जुळला तरी तेवढेच. प्रचलित टोपणनावाला ८००, सिम्बॉलच्या सुरुवातीला ६००, नावातल्या एखाद्या शब्दाच्या सुरुवातीला ४००, मधेच कुठेतरी सापडल्यास २००. टोपणनावांचा तक्ता हातानेच भरावा लागतो. ‘एसबीआय’ म्हणजे एसबीआयएन, ‘एल अँड टी’ म्हणजे एलटी, हे अक्षरांवरून खात्रीने ठरत नाही. जुनी नावंही त्यात ठेवावी लागतात: झोमॅटोची इटर्नल झाली, तरी लोक झोमॅटोच शोधतात.

एकाच पायरीवर अनेक कंपन्या आल्या, तर शेअरच्या रोजच्या खरेदी-विक्रीच्या उलाढालीवर क्रम लावायचा. उलाढाल जशीच्या तशी गुणांत मिळवली तर मोठ्या कंपन्या सगळ्या पायऱ्या ओलांडून जातील, म्हणून तिचा लॉगॅरिदम घ्यायचा, म्हणजे ती दहाचा कितवा घात आहे ते. दिवसाला एक लाख रुपयांचा लॉग ५, हजार कोटींचा १०. त्याला दहाने गुणलं तरी गुण ५० ते १००, म्हणजे दोन पायऱ्यांमधल्या २०० च्या अंतराखालीच राहतो. एका दिवसाचा आकडा मात्र घेऊ नये, एखादा ब्लॉक डील (एकगठ्ठा मोठा सौदा) क्रम उलटापालटा करतो. तीस दिवसांचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, बरा.

लेख शोधायला वापरतात ते बीएम२५ सूत्र इथे फारसं कामाचं नाही. ते शब्द किती वेळा आला हे मोजतं, पण कंपनीच्या नावात बहुतेक शब्द एकदाच येतो. वर लहान नावाला झुकतं माप देतं, म्हणजे ‘टाटा’ शोधल्यावर टाटा पॉवर ही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या वर, केवळ नाव छोटं म्हणून! ‘लिमिटेड’, ‘इंडिया’ अशा सरसकट शब्दांचं वजन कमी करण्याची त्याची युक्ती तेवढी उचलावी.

टायपिंगच्या चुका सावधपणे माफ कराव्यात. टीसीएस आणि टीसीआय यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि एक सॉफ्टवेअरची कंपनी, दुसरी मालवाहतुकीची. तीन अक्षरांपर्यंत एकही चूक चालवू नये. चार ते सातला एक, त्यापुढे दोन.

महिंद्राचा ‘एम&एम’ हा सिम्बॉल वेगळ्याच जागी अडतो. वेबपत्त्यात & हे चिन्ह पुढचा घटक सुरू करतं, त्यामुळे सर्व्हरपर्यंत नुसता ‘एम’ पोचतो. पाठवण्याआधी त्या चिन्हाचं %२६ करावं लागतं. क्रम लावणाऱ्या सूत्रात कितीही शोधलं तरी ही चूक सापडत नाही.

आणि पूर्ण सिम्बॉल जुळूनही चूक होऊ शकते. झूम या व्हिडिओ कंपनीचा नॅसडॅकवरचा सिम्बॉल ‘झेडएम’. ‘झूम’ हा सिम्बॉल तेव्हा झूम टेक्नॉलॉजीज या भलत्याच छोट्या कंपनीकडे होता. लोकांनी तिचेच शेअर घेतले, भाव उसळला, आणि मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाला तिचे व्यवहार थांबवावे लागले. नंतर तिचा सिम्बॉलही बदलला. अशा वेळी पहिली पायरी मोडायची नसते, नाहीतर ‘एफ’ हा फोर्डचा सिम्बॉल टाइप करणाऱ्याला फोर्ड मिळणार नाही. त्याऐवजी नावात जुळणारी कंपनी हजारपट उलाढालीची असेल, तर ती लगेच दुसऱ्या ओळीत आणावी, आणि दोन्ही ओळींत पूर्ण नाव, बाजार आणि रोजची उलाढाल ठळक दाखवावी.