बद्द वाजणारं टेबल

माठ विकत घेताना आपण त्याला टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. स्पीकर ठेवायचं टेबल निवडतानाही हीच टिचकी मारायची, फक्त निकाल उलटा लावायचा. बद्द वाजेल ते घरी आणायचं.

मला हे उशिरा कळलं. आमच्या हॉलमध्ये काचेच्या फळ्यांचं, दिसायला झकास टीव्ही युनिट होतं. त्यावर स्पीकर ठेवले की डग्ग्याचा घिस्सा असा घुमायचा की ख्याल गाणारा त्यामागे दिसेनासा व्हायचा. नवे स्पीकर घ्यायच्या बेतात होतो. धाकट्या भावाने चालू स्पीकर दोन्ही हातांनी उचलून फळीपासून चार बोटं वर धरला, आणि डग्गा लगेच ताळ्यावर आला. दोष काचेचा होता. हा प्रयोग फुकट आहे; खरेदीला निघण्याआधी करून पाहा.

यामागचं कारण तंबोऱ्यात आहे. नुसती तार छेडली तर जेमतेम ऐकू येते, कारण बारीक तार हवा हलवत नाही, कापत जाते. तिचं कंपन घोडीवाटे, म्हणजे तारेखालच्या टेकूवाटे, तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात उतरतं, आणि तबलीचा मोठा पृष्ठभाग हवा ढकलतो. मिरजेचे कारागीर तबली नीट वाजावी म्हणून जिवाचं रान करतात. आपली फळी तेच काम न सांगता करते. स्पीकरचा पडदा पुढे झेपावला की पेटीला तितकाच धक्का मागे बसतो. तो धक्का फळीत उतरला की फळी तिच्या स्वतःच्या आवडत्या सुरात गाऊ लागते, आणि मूळ सूर थांबल्यावरही क्षणभर गात राहते.

फळीला गप्प कसं बसवायचं? ताठपणा वाढवून. इथे गणित आपल्या खिशाच्या बाजूने आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय घेतला तर तो सुमारे ३.४ पट ताठ होतो. लांबीचा हिशेब याहून बोलका आहे. दोन टेकूंमधलं अंतर निम्मं केलं की मधोमध ठेवलेल्या वजनाने पडणारा झोल एक अष्टमांश होतो. म्हणजे सुताराला लाकूड बदलायला सांगण्यापेक्षा फळीखाली मधोमध एक उभी पट्टी ठोकायला सांगणं केव्हाही स्वस्त. सागवानाचा हट्ट दिसण्यासाठी धरा, आवाजासाठी नको.

दुसरा उपाय वजनाचा, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातला कडप्पा पुरेसा आहे. ४५ बाय ४० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा साडेनऊ-दहा किलो भरतो. ओट्याच्या कामातून उरलेले तुकडे फरशीवाल्याकडे पडलेले असतात, आणि पॉलिश केलेला काळा कडप्पा दिसतोही देखणा. मात्र तो नुसता ठेवू नका, चार टोकांवर टेकलेला दगडही वाजतो. खाली रबर हवं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडेसुद्धा चालतात, आणि पुण्यात ते मिळायला अडचण येऊ नये. रबर दबतं, ताणलं जातं आणि कंपनाची थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं.

माझी आवडती युक्ती मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातली. बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारताना पायाने चालवायच्या शिलाई मशीनचे बिडाचे पाय दिसतात का, पाहा. करड्या बिडात ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांचं जाळं असतं, ते कंपन जिरवतं. लेथसारख्या यंत्रांचे बेड बिडाचे ओततात, त्याचं हेही एक कारण. त्या पायांवर प्लाय आणि वर कडप्पा टाकला की शोरूमच्या स्टँडला लाजवेल असं टेबल तयार. पायटा तेवढा तारेने घट्ट बांधा, नाहीतर तोच खडखडेल.

उंची ठरवताना टेप कानापाशी न्या. वरच्या पट्टीचा आवाज ट्वीटरमधून, म्हणजे स्पीकरमधल्या छोट्या पडद्यातून, टॉर्चच्या झोतासारखा सरळ येतो, म्हणून ट्वीटर कानाच्या पातळीवर हवा. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण मीटरभर उंच, गादी-तक्क्याच्या बैठकीत पाऊण मीटरच्या आसपास. तयार स्टँड बहुधा सोफा गृहीत धरून केलेले असतात. बैठकीवर ऐकणाऱ्याने ते डोळे झाकून घेऊ नयेत.

आणि स्पीकर फळीच्या पुढच्या कडेला आणा. मागे सरकवला की समोरची मोकळी फळी आरशाचं काम करते. थेट येणारा आवाज आणि फळीवरून उसळलेला आवाज यांच्या वाटेत १७ सेंटिमीटरचा फरक पडला, तर १००० हर्ट्झचा सूर बराच दबतो. कारण त्याच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, आणि निम्म्या लांबीने मागे पडलेली लहर पहिलीला खोडू पाहते.

ॲम्प्लिफायर बंद कपाटात कोंडू नका, त्याला वरून मोकळी हवा द्या. रेकॉर्ड जमवत असाल तर कप्पा आतून ३३-३४ सेंटिमीटर उंच ठेवा आणि फळी भक्कम घ्या. कव्हरसह एक रेकॉर्ड पाव किलोच्या आसपास, म्हणजे शंभरांचे २५ किलो होतात.

रेकॉर्ड प्लेअरचं दुखणं वेगळं. त्याच्या सुईला खाचेतली थरथर आणि टेबलाची थरथर यांतला फरक कळत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर हे सहसा निभावतं. पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर तुळयांवरची लाकडी जमीन पावलागणिक हलते आणि सुई उडी मारते. अशा घरात प्लेअरला जमिनीपासून तोडून भिंतीचा आधार द्यायचा. जाड भिंतीतला कोनाडा पुरेसा मोठा असेल तर त्याहून पक्की जागा नाही. त्याच कोनाड्यात स्पीकर मात्र ठेवू नका: चहूबाजूंनी भिंत मिळाली की खर्ज फुगतो, आणि डग्गा पुन्हा गायकाच्या डोक्यावर बसतो.