जळगावचं विमान लेट झालं म्हणजे रद्द झालं नाही

जळगावहून विमान सुटायला उशीर झाला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘दोन तास लेट असेल तर साडेसात हजार मागा.’ लोक काउंटरवर जाऊन वाद घालतात आणि हाती काहीच लागत नाही. जे हक्काने मिळालं असतं, ते मात्र मागायचं राहून जातं. हा मेसेज पुढे पाठवणं आता बंद करा.

लेटचं बरंचसं सगळ्यांना ठाऊक आहे. जळगावहून मुंबईला किंवा पुण्याला जाणाऱ्या छोट्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानचं विमान सहा तासांपेक्षा जास्त रखडलं तर हॉटेलही द्यायचं.

खरा घोळ पैशांचा आहे. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात नुसत्या उशिराबद्दल रोख भरपाई नाही. पाच तास बसवून ठेवलं तरी नाही. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं एक निवडता येतं, तेवढंच. भुसावळ-जळगावच्या माणसाच्या डोक्यात रेल्वेचा तीन तासांचा नियम पक्का बसलेला असतो: गाडी तीन तासांपेक्षा लेट असली की टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरायचा आणि पूर्ण भाडं परत घ्यायचं. विमानाला तो लागू नाही. चौथ्या तासाला वैतागून अ‍ॅपवर स्वतःच तिकीट कॅन्सल केलंत तर तो तुमचा निर्णय धरला जातो आणि चार्जेस कापले जातात. सहा तासांचा उशीर जाहीर झाला की काउंटरवरूनच परतावा मागा. मुंबईला जायचं असेल तर मी तरी पैसे परत घेऊन सरळ रेल्वे स्टेशन गाठेन.

रोख भरपाईचा प्रश्न येतो तो विमान रद्द झाल्यावर, आणि तेही वेळेत कळवलं नसेल तरच. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,०००, एक ते दोन तासांचं असेल तर ७,५०० रुपये. पण व्हॉट्सअ‍ॅपवाले पुढचं वाक्य गाळतात: ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. समजा मूळ भाडं १,८०० आणि इंधन आकार ३०० असेल, तर भरपाई २,१००. तिकिटाचे पैसे वेगळे परत मिळतात. धुकं, पाऊस, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने विमान रद्द झालं तर भरपाई नाही, परतावा मात्र मिळतोच.

म्हणून कारण लेखी मागा. या मार्गांवर तेच छोटं एटीआर विमान दिवसभरात बऱ्याच फेऱ्या करतं, सकाळी दुसरीकडे अडकलं की संध्याकाळी जळगावला त्याचा फटका बसतो. कंपनीने नुसतं ‘ऑपरेशनल रीझन’ (विमान चालवण्यातली अडचण) सांगितलं तर ते हवामान नव्हे. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, आधी कंपनीकडे आणि दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करा.

एजंटकडून तिकीट काढताना मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. आपल्याकडे सर्रास एजंटचा नंबर टाकला जातो. रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो, आणि प्रवाशाने नीट संपर्क दिला नव्हता म्हणून कंपनी भरपाई नाकारू शकते.