रंगीत निसर्गछायाचित्रण

डोंगर, पाणी, झाडी, खडक आणि आकाश यांची रंगीत छायाचित्रे काढण्याची कला. हिचे रसग्रहण करताना जागेचे नाव विचारण्याआधी चित्रातला उजेड कुठून आला आहे ते पाहावे. रंगाचे सगळे गुपित तिथे असते.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत छायाचित्रणाची काच १९०७ मध्ये बाजारात आली; तिच्यात रंगवलेले बटाट्याच्या पिठाचे कण गाळणीचे काम करीत. १९३६ पासून साध्या कॅमेऱ्यासाठी कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म मिळू लागली. तरीही कलादालनांत बराच काळ मान कृष्णधवल चित्रांनाच होता आणि रंग जाहिरातींसाठी आहे असे समजले जाई.

ही समजूत बदलण्यात अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर (१९०१–१९९०) यांचा वाटा फार मोठा आहे. ते हार्वर्डमध्ये वैद्यक शिकले आणि तिथेच अध्यापन व संशोधन करीत. नामवंत छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात त्यांची कृष्णधवल चित्रे मांडली, त्यानंतर पोर्टर यांनी ती नोकरी सोडली. रंगाकडे त्यांना पक्ष्यांनी नेले: पक्ष्याची जात रंगाशिवाय नीट ओळखू येत नाही, असे एका प्रकाशकाने त्यांना सांगितले होते.

पोर्टर यांचे प्रिंट डाय ट्रान्स्फर पद्धतीचे असत. रंगीत पारदर्शिकेवरून (म्हणजे खऱ्या रंगांतल्या पॉझिटिव्ह फिल्मवरून) लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन कृष्णधवल निगेटिव्ह काढायच्या. प्रत्येकीवरून जिलेटिनचा एक उठावदार साचा करायचा. हे तीन साचे निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगांत भिजवून एकाच कागदावर एकामागून एक दाबायचे. साचा केसभर सरकला तरी चित्र धूसर होते. मात्र प्रत्येक रंग वेगळा कमीजास्त करता येतो. म्हणून अशा प्रिंटमधला प्रत्येक रंग छपाई करणाऱ्याने ठरवलेला असतो आणि त्याची दाद त्या निर्णयाला द्यायची असते.

पोर्टर यांना सौम्य, पसरलेला उजेड प्रिय होता. ढगाळ दिवशी पानांवरची चकाकी मरते आणि हिरवा खोल दिसतो. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही हे पटेल. याचा कळस कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यनच्या चित्रांत दिसतो. तिथल्या अरुंद घळींच्या तळाशी थेट ऊन क्वचितच पोहोचते. वर एका भिंतीवर पडलेले ऊन तांबूस होऊन समोरच्या भिंतीवर उतरते, सावलीत आकाशाचा निळा झिरपतो आणि ओल्या वालुकाश्मावर दोन्ही रंग शेजारीशेजारी लकाकतात. क्षितिज बहुतेकदा नसतेच. सिएरा क्लब या अमेरिकन निसर्गसंरक्षण संस्थेने ही चित्रे ‘द प्लेस नो वन न्यू’ या नावाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी तिथे बांधलेल्या धरणाचे दरवाजे बंद झाले. पाणी चढत गेले आणि १९८० मध्ये धरणामागचा जलाशय, लेक पॉवेल, प्रथमच पूर्ण भरला. जिच्यावर तो उजेड पडला होता ती भिंतच बुडाली, हे ठाऊक असताना ही चित्रे पाहणे जड जाते. अलीकडच्या दुष्काळात पाणी उतरल्यावर काही घळी पुन्हा उघड्या पडल्या आहेत.

गेलन रोवेल (१९४०–२००२) यांची रीत अगदी निराळी. ते गिर्यारोहक होते. हलका ३५ मिमी कॅमेरा घेऊन उजेडाच्या मागे धावत. ल्हासाच्या पोताला राजवाड्यावर टेकलेले इंद्रधनुष्य (१९८१) त्यांनी असेच धावत जाऊन नेमक्या जागी आणले. उजळ आकाश आणि काळोखी जमीन एकाच फिल्मवर मावावीत म्हणून ते वरून खाली फिकट होत जाणारे करडे फिल्टर वापरत. १९९० मध्ये फुजीची वेल्व्हिया फिल्म आली आणि भडक रंगांची चटक लागली. पोर्टर यांच्या चित्रांनंतर त्या काळातली अनेक चित्रे डोळ्यांना बोचतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७९ मध्ये पोर्टर यांच्या रंगीत चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यांचा संग्रह टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहे. डाय ट्रान्स्फरचे साहित्य बनवणे कोडॅकने १९९० च्या दशकात थांबवले.