पंख मोटर माउंटपर्यंत कसे पोहोचले

उच्चशक्ती मॉडेल रॉकेटमध्ये मोटर, म्हणजे इंधन भरलेले इंजिन, धरून ठेवणारी नळी (मोटर माउंट) आणि शेपटीकडचे पंख हे आज एकाच सांगाड्याचे भाग मानले जातात. छंदाच्या आरंभी तसे नव्हते. नेब्रास्कातील नॉरफोक येथे बुटांचे दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये भाऊ रॉबर्ट यांच्यासह ‘रॉक-अ-शूट’ हे मॉडेल रॉकेट तयार केले आणि पुढे व्हर्नन एस्टिस यांनी कोलोरॅडोत यंत्रावर बंदुकीच्या काळ्या दारूच्या मोटरी काढायला सुरुवात केली. त्यांच्या १८ मिलिमीटर व्यासाच्या मोटरींभोवती जे रॉकेट रूढ झाले, त्यात कागदी नळीवर बाहेरून बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख चिकटवले की भागत असे. मोटरीच्या पुढे बसवलेली कागदी कडी तिचा रेटा झेलत असे.

मोटरींचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. ‘सी’ वर्गाच्या मोटरीचा एकूण आवेग, म्हणजे जळून संपेपर्यंत दिलेला सगळा रेटा, १० न्यूटन-सेकंदांपर्यंतच असतो, मात्र वर्णमालेतील प्रत्येक पुढच्या अक्षराबरोबर ही मर्यादा दुप्पट होते आणि ‘एम’ वर्गात ती १०,२४० वर जाते. अमोनियम परक्लोरेटवर आधारलेल्या संमिश्र इंधनाने हे वर्ग हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. १९८२ मध्ये ओहायोत भरलेल्या पहिल्या मेळाव्याला ‘लार्ज अँड डेंजरस रॉकेट शिप्स’ असे अर्धे थट्टेचे, अर्धे बंडखोर नाव दिले गेले, त्यावरून या मंडळींचा कल कळतो.

मोठी मोटर शेपटीकडे वजन वाढवते, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट सरळ उडावे म्हणून दाबकेंद्र (हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू) त्याच्याही मागे ठेवण्यासाठी पंख मोठे करावे लागतात. दाबकेंद्र गणिताने काढण्याची सोपी रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी रॉकेटकारांपुढे मांडली होती. पण मोठा पंख म्हणजे मुळाशी मोठा ताण. केवळ पृष्ठभागावर चिकटवलेला पंख जमिनीवर आपटताना कागदाचा वरचा थर सोलून निघतो आणि वेग वाढल्यावर पंखांना कंप सुटण्याचा धोका असतो. या कंपाचा अंदाज घेण्यासाठी हौशी लोक आजही ‘एनएसीए’ या अमेरिकी विमानविद्या संशोधन संस्थेने क्षेपणास्त्रांसाठी लिहिलेल्या १९५८ सालच्या अहवालातले सूत्र वापरतात.

यातून प्लायवूडच्या पंखाला जीभ ठेवून ती बाहेरच्या नळीतील खाचेतून आत नेण्याची आणि थेट मोटर नळीवर इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने बसवण्याची पद्धत रुळली. मोटर नळीला बाहेरच्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या पुढच्या व मागच्या सेंटरिंग रिंगांमध्ये ही जीभ अडकते. मोटर नळीशी, बाहेरच्या भिंतीला आतून आणि बाहेरून अशा तीन ठिकाणी इपॉक्सीची गोलाई भरली की भार सर्वत्र वाटला जातो. जाणते लोक मागची रिंग शेवटी चिकटवतात, नाहीतर आतल्या जोडांपर्यंत हातच पोहोचत नाही. मोटरीच्याच व्यासाच्या रॉकेटात मात्र जीभ शिरवायला जागा नसते, म्हणून तेथे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत काचतंतूचे कापड चढवतात.

मोटर अडकवण्याचा प्रश्न १९९० च्या सुमारास पुन्हा भरता येणाऱ्या मोटरी आल्यावर गंभीर झाला. पॅराशूट बाहेर फेकणारा स्फोटभार मोटरीलाही मागे ढकलतो; मास्किंग टेप गुंडाळून घट्ट केलेली एकदा वापरायची मोटर निसटली तर पॅराशूट अडकून राहण्याची भीती होतीच, आता त्यात महागडे ॲल्युमिनियमचे कवच शेतात हरवण्याची भर पडली. त्यामुळे मोटर मागून अडवून धरणारे आट्यांचे धातूचे रिटेनर आले आणि ते बसवता यावेत म्हणून मोटर नळी मागच्या रिंगेबाहेर थोडी काढून ठेवण्याचा विचार जुळणीच्या सुरुवातीलाच करावा लागू लागला.