रंगाला शेजार लागतो

1912-13च्या सुमारास पॅरिसमध्ये रोबेर दलोने या चित्रकारानं एक गोल कॅनव्हास रंगवला. व्यास साधारण 134 सेंटिमीटर. एकात एक वर्तुळं, त्यांचे चार पाव भाग आणि प्रत्येक तुकड्यात एकेक रंग. माणूस नाही, झाड नाही, छायाप्रकाशाचा खेळ नाही. तरी नजर एका जागी ठरत नाही. मधल्या लाल-निळ्यावरून ती कडेला सरकते आणि पुन्हा आत ओढली जाते.

या चित्रामागचं विज्ञान लोकरीच्या रंगकामातून आलं. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ 1824पासून पॅरिसच्या प्रसिद्ध गोब्लां विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळत होते. विणकरांची तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना काळं सूत फिकं पडतं. शेव्हरलनी इतर ठिकाणचं काळं सूत आणून ताडून पाहिलं, तर रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्यामुळे काळ्यावर नारिंगी झाक चढत होती! या निरीक्षणावरचा त्यांचा ग्रंथ 1839मध्ये निघाला आणि पुढे चित्रकारांनी तो अक्षरशः उचलून धरला. दलोनेही त्यांतलेच.

घरी करून बघा. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापा. एक लाल कार्डपेपरवर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा किंचित हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर.

असं होतं, कारण आपली दृष्टी रंग सुटा मोजत नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या तीन प्रकारच्या शंकुपेशींचे संदेश पुढच्या पेशी एकमेकांशी ताडतात: लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा. मेंदूत शेजारच्या जागेशीही तुलना होते आणि फरक वाढवून दाखवला जातो. आकाराच्या कडा मात्र आपण मुख्यतः उजळपणातल्या फरकावरून ओळखतो. दोन भडक रंग भिडले आणि त्यांचा उजळपणा सारखाच असला, तर कड आहे हे कळतं, पण ती नेमकी कुठे आहे हे पक्कं होत नाही. ती थरथरल्यासारखी वाटते.

म्हणूनच मला दलोनेचं हे धाडस फार मोठं वाटतं. वर्तुळं त्यानं जाणूनबुजून साधी ठेवली. आकार गुंतागुंतीचा असता, तर आपण त्यात एखादी वस्तू शोधत बसलो असतो. इथे शोधायला काही नाही, त्यामुळे रंगांची आपसातली ओढाताणच समोर येते. याच चित्राचं कृष्णधवल छायाचित्र पाहिलं, तर उरतात नुसती करडी कडी.