लाल बरगंडी विटकरी का होते?

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सॉथबीजच्या लिलावात फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या रोमाने-काँती या मळ्याच्या लाल वाइनची १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या साली त्या मळ्यातून जेमतेम ६०० बाटल्या निघाल्या आणि त्यानंतर तिथले म्हातारे वेल उपटून टाकले, म्हणून हा भाव. पण अशी बातमी आली की एक समज आणखी घट्ट होतो: वाइन जितकी जुनी तितकी भारी. तसं अजिबात नाही. जगातली बहुतेक वाइन पहिल्या दोन-चार वर्षांत पिऊन संपवायची असते. ती कपाटात जपून ठेवली तर फळाचा वास जातो आणि हाती काही लागत नाही. चांगल्या मळ्याची लाल बरगंडी याला अपवाद आहे, आणि तिच्यातही प्रत्येक साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, वेगळं वागतं.

बरगंडीतला कोत दॉर हा पूर्व फ्रान्समधला दिजाँ शहरापासून बोन गावाच्या खालपर्यंत पसरलेला चुनखडीच्या उतारांचा अरुंद पट्टा. इथली लाल वाइन जवळपास सगळी पिनो न्वार या एकाच द्राक्षाची. द्राक्ष तेच, मळा तोच, बदलतं ते फक्त हवामान आणि वय. त्यामुळे एकाच मळ्याची वेगवेगळी सालं ओळीनं मांडून चाखायला इथे फार मजा येते. जाणकार लगेच घोट घेत नाहीत. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून आधी वाइनची कड बघतात. कोवळ्या वाइनची कड गुलाबी-जांभळट असते, दहा-बारा वर्षांची विटेकडे झुकलेली, आणि तीस वर्षांच्या वाइनच्या कडेला नारिंगी झाक असते. माझ्या मते वाइनमधलं सगळ्यात सुंदर रसायन त्या कडेवरच दिसतं.

जांभूळ खाल्लं की जीभ रंगते आणि तोंडाला तुरटपणा येतो. कोवळ्या लाल वाइनचंही तसंच असतं. रंग येतो अँथोसायनिनमुळे आणि तुरटपणा टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, ती साकळतात आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो. म्हणजे तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. अँथोसायनिन मात्र नाजूक. वाइनच्या आम्लतेला त्याचे बहुतेक रेणू रंगहीन रूपात असतात आणि वाइन टिकावी म्हणून सल्फर डायऑक्साइड घातला की उरलेलेही फिके पडतात. त्यातून पिनो न्वार रंगाच्या बाबतीत मुळात गरीब. बऱ्याच काळ्या द्राक्षांत अँथोसायनिनला आम्लाची शेपटी जोडलेली असते, ती रंग टिकवायला मदत करते. पिनो न्वारमध्ये ती नसतेच. म्हणूनच बरगंडी पहिल्या दिवसापासून फिकट दिसते. फिकट आहे म्हणजे हलकी आहे, असा अर्थ काढू नका.

आता बाटलीत काय होतं ते पाहू. चांगल्या बुचातून वर्षाला साधारण एखादा मिलिग्रॅम ऑक्सिजन आत झिरपतो. तो थेट काही करत नाही. वाइनमधल्या लोहाच्या अंशामार्फत तो फिनॉलवर्गातल्या रेणूंवर काम करतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ते अल्कोहोलवर हल्ला करतं आणि थोडंसं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. हे अ‍ॅसिटाल्डिहाइड टॅनिन आणि अँथोसायनिन यांच्यामध्ये पुलासारखं बसतं. काही रेणू पुलाशिवाय थेटही जुळतात. जुळलेला रंग आता आम्लता बदलली तरी तितका डगमगत नाही आणि सल्फर डायऑक्साइडलाही दाद देत नाही. पुलावरची जोडी जांभळटच राहते. पण काही अँथोसायनिन पायरूव्हिक आम्लासारख्या छोट्या रेणूंशी जुळतात, त्यांच्या अंगाला एक नवं कडं तयार होतं आणि रंग नारिंगीकडे सरकतो. पहिल्या काही वर्षांत सुटं अँथोसायनिन झपाट्यानं संपतं, ही नवी कुळं उरतात, आणि कड विटकरी दिसू लागते.

तुरटपणाचं पूर्वी सोपं उत्तर देत: टॅनिनच्या साखळ्या वाढत जातात, जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात. गाळ बसतो हे खरंच. पण आम्लात त्या साखळ्या तुटतातही, तुटलेले तुकडे दुसरीकडे जुळतात, आणि हे नवे वेडेवाकडे रेणू लाळेतल्या प्रथिनांना पूर्वीसारखे घट्ट धरत नाहीत. वास यातून वेगळाच चालतो. ताज्या फळाचा वास देणारी एस्टर हळूहळू मोडतात, डायमिथाइल सल्फाइड वाढतं, आणि चेरीच्या जागी भिजलेला पालापाचोळा नि अळंबी येते.

सालाचा प्रश्न इथे येतो. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत बोनभोवती ऑगस्टमध्येच द्राक्षांची तोड झाली. उन्हात द्राक्ष स्वतःचंच मॅलिक आम्ल श्वसनात जाळतं, म्हणून आम्ल कमी आणि पीएच चढा. पीएच ३.४ ऐवजी ३.७ झाला तर तेवढ्याच सल्फर डायऑक्साइडपैकी जंतूंना आवरणारा भाग निम्म्यावर येतो, सुट्या अँथोसायनिनचा लाल रंगही घटतो. १९९६ चं उदाहरण उलटं: आम्ल इतकं धारदार की बऱ्याच वाइन वर्षानुवर्षं आंबटच लागल्या. पण नुसत्या पीएचवरून भविष्य सांगू नये. १९५९ हेही कडक उन्हाचं साल होतं, आम्ल कमीच, तरी त्या वाइन दीर्घायुषी निघाल्या. बोनच्या द्राक्षतोडीच्या तारखा १३५४ पासून जुळवल्या आहेत: १९८७ पर्यंत तोड सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होई, १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस अलीकडे आली. हवामानबदलाचा इतका जुना आणि इतका चविष्ट पुरावा विरळाच.

जाता जाता एक. बरगंडीतले काही नामवंत मळे ‘बायोडायनॅमिक’ पद्धत पाळतात: गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं, चंद्र पाहून कामं करायची. त्याचं एक पंचांगच आहे. ‘फळदिवशी’ वाइन छान लागते, ‘मूळदिवशी’ रुसते म्हणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्यूझीलंडच्या १२ पिनो न्वार १९ व्यावसायिकांना तारखेचा पत्ता लागू न देता दोन्ही प्रकारच्या दिवशी चाखायला दिल्या. फरक पडला नाही. मुहूर्त फक्त आपल्याकडेच पाहतात असं नाही!

बाटलीतलं हे सगळं रसायन घडतं ते १२-१३ अंशांच्या तळघरात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं चालतात, पण सगळ्या सारख्याच पटीत नाही. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली ‘लवकर पिकलेली’ बरगंडी होत नाही, ती शिजते. थंड कपाट नसेल तर आणलेली बाटली त्याच महिन्यात उघडा, आणि ती बरीच जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल.