कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

खासगी जेटमध्ये कधीकधी एखादा प्रवासी पुढे जातो, दोन वैमानिकांच्या मागची घडीची खुर्ची उघडून बसतो, कानाला हेडसेट लावतो आणि धावपट्टी समोरून जवळ येताना बघतो. एअरलाइनच्या विमानात आज असं काही कुणी मागायलाही धजणार नाही. मग इथे ते कसं चालतं? उत्तर शोधताना बहुतेक जण २००१ सालच्या अमेरिकेतल्या विमानहल्ल्यांपासून सुरुवात करतात. मला वाटतं, त्याच्या बरंच मागे जायला हवं. प्रवासी मुळात वैमानिकाच्या शेजारीच बसायचा. त्याला मागे नेऊन बसवलं ते नंतर.

विमानातून उडालेला पहिला प्रवासी म्हणजे राइट बंधूंचा मेकॅनिक चार्ल्स फर्नस. १४ मे १९०८ रोजी तो विल्बर राइटच्या बाजूला बसून उडाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ऑर्व्हिल राइटच्या शेजारी बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज अपघातात गेले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला हा पहिला मृत्यू, आणि तो प्रवाशाचा. पुढे १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी तिकीट लावून नियमित विमानसेवा सुरू झाली. पाण्यावर उतरणाऱ्या त्या छोट्या विमानात प्रवाशाला जागा एकच, वैमानिक टोनी जॅनसच्या शेजारी, उघड्यावर. पहिल्या फेरीच्या त्या जागेचा लिलाव झाला आणि शहराच्या माजी महापौरांनी ४०० डॉलर मोजून ती घेतली. एरवी भाडं होतं पाच डॉलर. प्रवास २३ मिनिटांचा. नियमित विमानसेवेचं तिकीट काढणारा जगातला पहिला माणूस कॉकपिटमध्येच बसला होता, हे मला फार बोलकं वाटतं.

१९२७ च्या बोइंग ४०ए मध्ये चित्र उलटं झालं. दोन प्रवासी इंजिनामागच्या बंद खोलीत, आणि वैमानिक त्यांच्याही मागे, वाऱ्यापावसात. विमानं मोठी होत गेली तशी दोघांमध्ये भिंत आली, भिंतीत दार आलं.

दाराला कुलूप लागलं ते रक्त सांडल्यावर. ७ मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियात पॅसिफिक एअर लाइन्सच्या ७७३ क्रमांकाच्या उड्डाणात एका प्रवाशाने दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या. विमानातले सगळे ४४ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटचं दार उड्डाणात बंद ठेवण्याचा नियम आला. इतर अनेक देशांत मात्र लहान मुलांना, हौशी प्रवाशांना पुढे बोलावून यंत्रं दाखवण्याची रीत पुढची कित्येक वर्षं टिकली. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्डच्या प्रवाशांसाठी तर कॉकपिट बघणं हा प्रवासातला मानाचा भाग होता.

या रीतीची सर्वांत महागडी किंमत २३ मार्च १९९४ च्या रात्री सायबेरियात मोजली गेली. एरोफ्लोटचं एअरबस ए३१० मॉस्कोहून हाँगकाँगला चाललं होतं. वैमानिकाने आपल्या मुलांना पुढे आणलं आणि आळीपाळीने स्वतःच्या जागी बसवलं. ऑटोपायलट चालू होता, म्हणून धोका नाही असा हिशेब. किशोरवयीन मुलाने सुकाणू काही सेकंद दाबून धरलं आणि ऑटोपायलटने विमान डावी-उजवीकडे कलवण्याचा ताबा तेवढा गुपचूप सोडून दिला. घंटा वाजली नाही, फक्त एक दिवा लागला. अशा वेळी आवाजाने इशारा देणाऱ्या सोव्हिएत विमानांवर हात बसलेल्या वैमानिकांच्या ते ध्यानात यायला उशीर झाला. ७५ जण गेले. हे वाचताना मला त्या मुलाचा राग येत नाही. त्या खुर्चीत बसायला त्याला एका मोठ्या माणसाने सांगितलं होतं.

२९ डिसेंबर २००० रोजी लंडनहून नैरोबीला जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ मध्ये मानसिक तोल गेलेला प्रवासी कॉकपिटमध्ये घुसला आणि सुकाणूवर झडप घातली. वैमानिकांनी आणि प्रवाशांनी त्याला आवरलं आणि विमान वाचलं. मग आला ११ सप्टेंबर २००१. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ नोव्हेंबर २००३ पासून ६० पेक्षा जास्त आसनांच्या किंवा ४५,५०० किलोहून जड अशा प्रवासी विमानांना भक्कम, कुलूपबंद दार सक्तीचं झालं.

बहुतेक खासगी जेट या दोन्ही मर्यादांच्या बाहेर राहिली. ६० आसनांचा तर प्रश्नच नव्हता. वजनाचं म्हणाल तर नंतर आलेलं गल्फस्ट्रीम जी६५० हे मोठं, लांब पल्ल्याचं जेटही उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त साधारण ४५,२०० किलो, म्हणजे रेषेच्या अगदी अलीकडे. या विमानांचा उगमच वेगळा. लॉकहीड जेटस्टार १९५७ मध्ये पहिल्यांदा उडालं, लिअरजेट २३ १९६३ मध्ये. आत बसणारे सहा-आठ लोक एकमेकांच्या ओळखीचे, विमान त्यांच्याच पैशावर चाललेलं. मध्ये फार तर पडदा किंवा पातळ सरकतं दार. शिवाय मोठ्या बिझनेस जेटमध्ये जंपसीट असते. दाराजवळच्या भिंतीतून ती ओढून काढायची, दोन वैमानिकांच्या मध्ये किंचित मागे उघडायची, खांद्यावरून पट्टे लावायचे. ऑक्सिजन मास्क, हेडसेटची जोडणी सगळं तिथेच. खरं तर ती तपासनीसासाठी किंवा जादा वैमानिकासाठी. रिकामी असली की पाहुण्याची.

अमेरिकेत चार्टर, म्हणजे अख्ख्या भाड्याने घेतलेल्या, विमानांचे नियम इतके सैल नाहीत. १५ ऑक्टोबर १९७१ नंतर प्रमाणित झालेल्या आणि प्रवाशांसाठी आठपेक्षा जास्त आसनं असलेल्या विमानात वैमानिकाच्या आसनावर प्रवाशाला बसवता येत नाही, सुकाणूला हात लावू देणं तर कुठल्याच चार्टरमध्ये नाही. २००१ नंतर १२,५०० पौंडांहून जड चार्टर विमानांसाठी सुरक्षा कार्यक्रम आला, त्यात कॉकपिटच्या प्रवेशावरही बंधनं आली. युरोपच्या नियमात कंपनीच्या कार्यपुस्तिकेत परवानगी लागते आणि अंतिम शब्द कॅप्टनचा. मालक स्वतःच्या विमानातून, भाडं न घेता जात असेल, तर बरंचसं कॅप्टनच्या विवेकावर सोडलेलं असतं.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचं विमान पडलं. उतरताना वैमानिक गप्पांत होते. त्यातून १९८१ मध्ये नियम झाला: १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. चार्टरलाही तो लागू आहे. जंपसीटवरचा पाहुणा तोंडातून शब्द न काढता बसला तर हा नियम पाळला जातो. पण नुसतं बसणंही बरंच काही बोलतं.

२९ मार्च २००१. चार्टर केलेलं गल्फस्ट्रीम थ्री लॉस एंजलिसहून कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला निघालं, ठरल्या वेळेच्या ४१ मिनिटं उशिरा, कारण प्रवासी उशिरा आले. अ‍ॅस्पेनचा विमानतळ सुमारे ७,८०० फुटांवर, चहूबाजूंनी डोंगर. आवाजाच्या नियमांमुळे या विमानाला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच उतरायची मुभा, म्हणजे संध्याकाळी ६.५८ पर्यंत. विमान दुसरीकडे उतरवावं लागेल ही शक्यता कानावर जाताच ग्राहक नाराज झाला होता आणि ती नाराजी कंपनीमार्फत कॅप्टनपर्यंत पोचली होती. बर्फ पडत होतं. पुढची विमानं धावपट्टी न दिसल्याने परत वर जात होती. अशा वेळी एक पुरुष प्रवासी पुढे येऊन जंपसीटवर बसल्याचं व्हॉइस रेकॉर्डरवर उमटलं. ७ वाजून १ मिनिट ५७ सेकंदांनी विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर आदळलं. १८ जण होते, एकही वाचला नाही.

धावपट्टी दिसत नसताना वैमानिक ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले, हे मुख्य कारण अमेरिकेच्या तपास मंडळाने नोंदवलं. सोबत ग्राहकाच्या दबावाचाही उल्लेख केला. जंपसीटवर प्रवासी असल्याने, आणि तो खुद्द ग्राहक असेल तर विशेषच, उतरण्याचा दबाव बहुधा आणखी वाढला, असं अहवालात आहे. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. एअरलाइनचं दार अनोळखी हल्लेखोरासाठी बंद झालं. खासगी जेटमध्ये मागून येणारा माणूस ओळखीचा असतो, बिल भरणारा असतो, आणि तो श्वास घेतोय तेही कॅप्टनला ऐकू येतं. ‘परत फिरतोय’ हे दोन शब्द उच्चारणं तेव्हा किती जड होत असेल!

१० एप्रिल २०१० ला रशियातल्या स्मोलेन्स्कजवळ पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पडून ९६ जण गेले, तेव्हाही हाच प्रश्न उठला. कॉकपिटमधल्या हवाई दलप्रमुखांच्या उपस्थितीने वैमानिकांवर मानसिक दबाव आला, असं रशियाच्या अहवालाने म्हटलं. पोलंडच्या अहवालाने थेट दबावाची गोष्ट मान्य केली नाही. तो वाद मिटलेला नाही.

दरम्यान लहान जेटमध्ये प्रवासी पुन्हा १९१४ च्या जागी आलाय. एकाच वैमानिकाने चालवायच्या विमानांत उजवी खुर्ची रिकामी राहते आणि तिथे बहुतेक वेळा घरचं माणूस किंवा मित्र बसतो. २०२० मध्ये सिरस व्हिजन जेटला अशी यंत्रणा प्रमाणित झाली की वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने छतावरचं एक बटण दाबायचं. विमान स्वतःच विमानतळ निवडतं, नियंत्रकांना कळवतं, उतरतं आणि थांबतं. उड्डाणाआधी कॅप्टन आता शेजारच्याला पट्टा आणि दार दाखवतो तसं ते बटणही दाखवतो, आणि त्याला हात कधी लावायचा, कधी नाही, तेही सांगतो.